पाठीवरचा भंडारा

भोसरीच्या शिवारात आमची वाडी होती. घरं पंधरा-वीस आणि विहिरी नऊ. एकीलाही कठडा नव्हता. आया शेतात वाकलेल्या असायच्या आणि पोरं विहिरींच्या कडेनं खेळायची. दोन-तीन वर्षांतून एखादं पोर आत जायचं. त्यामुळे पोहणं ही आमच्याकडे हौस नव्हती. पोर चालायला लागलं, बोलायला लागलं, की पुढं त्याला पोहता यायला हवं, एवढंच.

शिकवायचा तो भिमाजी. आम्ही त्याला तात्या म्हणायचो. जमिनीवर हा माणूस अगदीच साधा होता. दोन एकर कांदा, एक बैलजोडी, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. लग्नकार्यात त्याला कुणी पुढं बसवायचं नाही आणि त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. पण चैत्र लागला की वाडीतल्या प्रत्येक आईला त्याची आठवण व्हायची. मग त्याचा थाट बघावा. अख्खी दुपार तो मोटेच्या मोठ्या विहिरीत असायचा, आणि पायऱ्यांवर आम्ही आठ-दहा उघडी पोरं, पाचावर धारण बसलेली.

त्याची रीत ठरलेली होती. पांगाऱ्याचं वाळलेलं लाकूड फार हलकं असतं. त्याच्या तुकड्यांचा बिंडा तो पोराच्या पाठीला बांधायचा. बिंडा पोराला बुडू देत नसे. चार-चार दिवसांनी त्यातला एकेक तुकडा तो काढून घ्यायचा. शेवटचा तुकडा निघायचा तो रविवारी, खंडोबाच्या वारी. त्या दिवशी बिंडा जिथं असायचा तिथं, पाठीवर, तो निमगावच्या खंडोबाचा भंडारा चोळायचा आणि म्हणायचा, "आता लाकूड न्हाई, देव हाय पाठीशी. नाव घ्यायचं आन् उडी टाकायची. मागं मातुर बघायचं न्हाई. मागं बघितलं की देव हात काढून घेतो."

मी सात वर्षांचा असताना येळकोट म्हणून ओरडलो आणि उडी टाकली. वर आलो, हातपाय मारले आणि पलीकडच्या पायऱ्यांना लागलो. मध्ये कुणीतरी कमरेचा करगोटा वर ओढून धरलाय असं स्पष्ट जाणवलं होतं. घरी जाऊन आईला सांगितलं, देवाची बोटं फार खरबरीत असतात. आई हसली नाही. तिनं देव्हाऱ्यापुढं हात जोडले. आमची सगळी वाडी अशीच, जोडायचे तिथं हात जोडणारी आणि विचारायचं तिथं काही न विचारणारी. मी तरी कुठं वेगळा होतो?

आमच्यात सगळ्यात भित्रा होता ज्योतीराम. वय आठ. त्याचा बाप सोपान पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात नव्यानं लागला होता, सायकलवरून जायचा. पोराच्या भित्रेपणाची त्याला लाज वाटायची. विहिरीचं नाव काढलं की ज्योतीरामच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि आम्ही त्याला 'कोरडा' म्हणून चिडवायचो. हे लिहिताना मला आजही स्वतःचा राग येतो.

तात्यानं त्याला कधी चिडवलं नाही. आठ दिवस त्यानं त्याला नुसतं पायरीवर बसवलं, पाय पाण्यात सोडून. "भ्या वाटतंय?" तो विचारायचा. ज्योतीराम मान हलवायचा. "वाटू दे. मला बी वाटतंय. भ्या आलं की देवाचं नाव घ्यायचं, त्या भ्याच्या आवाजापरीस मोठ्यानं." मग दोघं मिळून ओरडायचे. विहिरीत आवाज घुमायचा, पारवे उडायचे, आणि ज्योतीराम हळूहळू हसायला लागला. महिन्याभरात तो बिंड्यावर तरंगू लागला. त्याची धाकटी बहीण कुसुम, सहा वर्षांची, त्याचे कोरडे कपडे पोटाशी धरून वर काठावर बसलेली असायची. भावाच्या मागं शेपटासारखी.

छप्पन साल होतं, वैशाख. बिंड्यात एकच तुकडा उरला होता. शुक्रवारी तात्या ज्योतीरामला म्हणाला, "रविवारी भंडारा." पोरगं उड्या मारतच घरी गेलं. सोपाननं सुद्धा त्या रात्री त्याला आपल्या ताटात जेवायला घेतलं म्हणतात. शनिवारी तात्या कांद्याची गाडी घेऊन चाकणला गेला. रात्री परतणार होता. पण येताना मोशीजवळ चाकाची लोखंडी धाव निखळली आणि तो तिथंच अडकला.

रविवारी सकाळपासून ज्योतीराम विहिरीवर जाऊन बसला. आम्ही थोडा वेळ थांबलो आणि कंटाळून आंब्यांवर गेलो. ऊन चढलं तसा तो कुसुमला घेऊन घरी गेला. आई रानात होती. त्यानं देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी घेतली. स्वतःच्या पाठीला आपला हात पोचत नाही, म्हणून त्यानं बहिणीला लावायला सांगितलं. तिनं लावला. दोघं परत विहिरीवर आली. बिंडा तात्याच्या घरी होता, आणि त्याची आता गरज तरी काय? लाकडाच्या जागी भंडारा, हे तर आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं.

ज्योतीराम मोठ्यानं ओरडला आणि त्यानं उडी टाकली.

कुसुम काठावर त्याचे कपडे धरून बसली. तो वर आला, हातपाय मारले, खाली गेला, परत एकदा वर आला. तिनं हाक मारली नाही. हाक मारली तर तो मागं बघेल, आणि मागं बघितलं तर देव हात काढून घेईल, हे तिला पाठ होतं. पाणी शांत झालं तरी ती बसून राहिली. पार जेवणवेळ टळल्यावर ती आईकडे रानात गेली आणि म्हणाली, "दादा आजून वर आला न्हाई."

तीन माणसांनी बुड्या मारल्या. तळाला गाळ होता, हाताला काही लागेना. चारच्या सुमाराला तात्याची गाडी आली. विहिरीभोवतीची गर्दी बघून त्यानं बैल सोडले नाहीत, काही विचारलं नाही, अंगातल्या बंडीसकट आत गेला. तिसऱ्या बुडीला तो पोराला घेऊन वर आला. पायरीवर पालथं ठेवलं तेव्हा पाठीवर पिवळे डाग होते. हळद पाण्यानं लगेच जात नाही. तात्या त्या डागांकडे बघत राहिला. रुक्मिणीबाई, म्हणजे ज्योतीरामची आई, तिचा आवाज मी लिहिणार नाही.

आता वाडीला कारण पाहिजे होतं. उद्धवराव आमच्या खंडोबाच्या देवळाचं सगळं बघायचे. वयानं मोठे, शब्दाला मान. सुतकात भेटायला आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "देव असा सोडत न्हाई. पोरीनं बिनआंघुळीच्या हातानं भंडारा लावला. देवानं तो घेतला न्हाई." कुसुम दाराआड उभी होती.

झालं. सगळ्यांना पटलं. देव सुटला, उद्धवराव सुटले, तात्या सुटला. सहा वर्षांची पोरगी तेवढी अडकली. मला या गोष्टीचा इतका संताप येतो की तेव्हाची ती सगळी शहाणी माणसं समोर असती तर मी काय बोललो असतो देव जाणे.

कुसुम राखेनं हात घासायला लागली. दिवसातून दहा-दहा वेळा, सालडी निघेपर्यंत. पाण्याजवळ जाईना. रांजणात तांब्या बुडवायचा म्हटलं तरी थरथरायची. तिला पाणी दुसऱ्यानं ओतून द्यावं लागे. भंडारा दिसला की माजघरात जाऊन कोपऱ्यात तोंड लपवायची. आणि बोलणं जवळजवळ बंद. रडली मात्र एकदाही नाही.

तात्याला हे दिसत होतं. सात महिने तो गप्प राहिला. मी त्या माणसावर जीव टाकायचो, पण हे सांगायलाच पाहिजे. तो गप्प राहिला, कारण उद्धवरावांच्या बोलण्यानं त्याची सुटका झाली होती, आणि तोंड उघडलं तर आपलं काय होईल हे त्याला ठाऊक होतं.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी रुक्मिणीबाई त्याच्या दारात आली. बसली नाही. म्हणाली, "तात्या, समद्या पोरांचं भ्या काढलंत तुमी. माझ्या एकाचं काढलंत, तो गेला. मी तुमाला बोल लावला न्हाई. आता हिचं काढा. न्हाईतर ही बी जाती माझी."

दुसऱ्या दिवशी देवळापुढं तळी भरायला अख्खी वाडी जमली होती. ताम्हनात खोबरं, विड्याची पानं, भंडारा. रुक्मिणीबाईनं कुसुमला कडेवर घट्ट धरून आणलं होतं आणि ती आईच्या खांद्यात तोंड खुपसून होती. तळी उचलायला माणसं वाकली तेवढ्यात तात्या मध्ये आला.

"थांबा," तो म्हणाला. "मला ह्या पोरीला काय तरी सांगायचंय, आन् तुमी समद्यांनी ऐकायचंय."

तो कुसुमपुढं उभा राहिला.

"कुसुम, भंडाऱ्यानं कुणी तरंगत न्हाई. पोरं उडी टाकायची तवा मी बुडी मारून त्यांच्या मागनं गढूळ पाण्याखालनं यायचो. करगोट्याला माझी बोटं असायची. म्हणून मागं बघू देत न्हवतो. दर पोराला मीच धरलंय. देवाचं नाव नुसतं धीर यावा म्हणून."

माझ्या कमरेला काहीतरी झालं. बाकीच्या पोरांनाही झालं असणार. उद्धवराव पुढं आले. "भिमाजी, देवाच्या दारात उभा राहून देवाला खोटं पाडतोस? जीभ झडंल तुजी."

"झडू द्या," तात्या म्हणाला. "देव खोटा न्हाई. मी खोटा हाय."

कुसुमनं खांद्यातलं तोंड वर काढलं. सात महिन्यांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. तो बारीक आणि घोगरा आला.

"मग त्या दिशी तुमची बोटं कुठं व्हती, तात्या?"



"चाकणला," तो म्हणाला. "कांदं इकायला गेलतो. येताना गाडी मोडली. मी नसताना पान्यात जायचं न्हाई, एवढं सांगायला पायजे व्हतं. सांगितलं न्हाई."

मग तिनं स्वतःचे सोललेले हात उलटसुलट करून पाहिले.

"म्हंजी मी नीट लावला व्हता."

"व्हय पोरी. तू नीट लावला व्हतास."

त्या दिवशी तळी तशीच उचलली गेली, पण तात्याला कुणी प्रसाद दिला नाही. पुढं त्याच्याकडे पोरंही कुणी पाठवेना. सोपान त्याच्याशी मरेपर्यंत बोलला नाही, आणि मी सोपानला दोष देत नाही. उन्हाळा आला तशी विहीर मोकळीच राहिली.

चैत्राच्या एका दुपारी मी बांधावरून जाताना बघितलं, रुक्मिणीबाई काठावर उभी होती आणि खाली पायरीवर परकराचा काचा मारलेली कुसुम. तात्या पाण्यात होता, तिच्या मागं नाही, समोर. दोन्ही हात पाण्याबाहेर काढून तिला दाखवत होता. बिंडा बांधून झाल्यावर त्यानं पायरीवरच्या पुडीतून चिमूटभर भंडारा काढला. ती मागं सरकली.

"ह्यो कशाला?" तिनं विचारलं. "ह्यानं काय व्हत न्हाई म्हनलात ना?"

"भ्या वाटू नये म्हणून ह्यो," तात्या म्हणाला. "बुडू नये म्हणून मी हाय. दोनी येगळं असतंय, पोरी. मी दोनी येक केलं."

मग तिनं कपाळ पुढं केलं. पाण्यात उतरल्यावर तिनं देवाचं नाव घेतलं, अगदी हळू, आणि डोळे उघडे ठेवून त्याच्या हातांकडे बघत चार हात अंतर कापलं. त्याच्यापाशी पोचली, त्याच्या गळ्याला मिठी मारली, आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा रडली. ती दादा, दादा म्हणून रडत होती. तात्या तिला धरून पाण्यातच राहिला, आणि वर रुक्मिणीबाई पदर तोंडात कोंबून खाली बसली.