कव्हर झटकणारी

गणिताच्या शिक्षकांना टॅब वापरायला शिकवताना सीमाताई मुद्दाम चौघांत एकच टॅब द्यायच्या आणि तासाभराने विचारायच्या, "कोणाकोणाचं बोटही लागलं नाही?" परळच्या शाळेत त्या दिवशी वीसपैकी अकरा हात वर झाले.

"मला पटापट जमतं, म्हणून मीच धरून बसलो," रघुवीर सर ऐटीत म्हणाले. "वर्गातही हुशार मुलांकडेच देतो. बाकीचे मोडून ठेवतील."

सीमाताईंच्या कपाळावर आठी चढली.

"सर, आमच्या शाळेतही एक कॉम्प्युटर होता. तो हुशार मुलांसाठी. आम्ही चाळीतल्या मुली रोज त्याचं कव्हर झटकायचो. दहावीला गणितात मी शाळेत पहिली आले, तेव्हाही तो सुरू कसा करतात हे मला ठाऊक नव्हतं."