दोनशे घोड्यांचा छापा आणि माझी इस्त्रीची पँट

भाताच्या चिखलातून घोडा चौखूर उधळतो, असं मी एका विद्यार्थिनीच्या प्रोजेक्टवर लाल शाईनं लिहिलं आणि तिला नापास केलं. मी तंजावूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो.

विषय मीच दिला होता. कावेरीकाठच्या एका छोट्या किल्ल्यावर मराठ्यांनी पहाटे घातलेला छापा. त्यावर एक तमिळ कादंबरी आहे आणि कादंबरीवरून काढलेला सिनेमा. दोन्ही ताडून पाहा, कुठलं पटतं ते सांगा. आमच्या धंद्यात याला सोर्स क्रिटिसिझम म्हणतात, म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी. कादंबरीत साठ माणसं घोडे मागे ठेवून शेताच्या बांधावरून अनवाणी, एकामागे एक येतात. सिनेमात दोनशे घोडे लावणी झालेल्या शेतातून पाणी उडवत येतात. वर ढोल.

त्या विद्यार्थिनीनं, सेल्वीनं, लिहिलं होतं, ‘सिनेमातला छापा पोहोचेपर्यंत किल्लेदार आंघोळ करून, इडली खाऊन तयार झाला असता.’

मला राग आला. मी राजवाड्यामागच्या मराठी गल्लीतला. तिथं घरोघरी पूर्वज घोडेस्वारच असतात, स्वयंपाकी किंवा कारकून एकही निघत नाही. मी स्वतः मोपेड चालवतो, पण रक्ताचं काय करणार?

दुसऱ्या दिवशी आमच्या विभागप्रमुख सरोजा मॅडमनी बोलावलं. सेल्वी तिथं उभीच होती.

“राव सार, ही नापास झाली तर हिचं बी.एड. वर्षभर लांबेल. लिस्ट उद्या जायचीय.”

“मॅडम, टिंगल म्हणजे पुरावा नव्हे.”

“सार, तुम्ही कधी शेतात उतरलात?” सेल्वीनं विचारलं.

“मी इतिहास शिकवतो. शेती नाही.”

“मग आमच्या गावी या. लावणी चालू आहे. पुरावा अजून ओला आहे.”

मॅडमनी मार्कलिस्ट माझ्या हातात दिली. “बघून या. मग सही करा.”

घरी बायको म्हणाली, “प्यांट कसाला? वेष्टी नेसून जावा.” मी ते लुंगीसारखं धोतर बाजूला ठेवून इस्त्रीची पँटच घातली. साक्षीदाराला तपासायला जाताना थोडा रुबाब हवा.

सेल्वीचं गाव ओरत्तनाडूच्या पुढे. शेतात बायका वाकून रोपं लावत होत्या, तिचे आजोबा बांधावर उभे होते. समोर पंपाची खोली. तो आमचा किल्ला ठरला.

आधी सेल्वी, कादंबरीप्रमाणे. चपला काढून बांधावरून गेली आणि खोलीच्या दाराला हात लावून उभी राहिली. शेतातला एक बगळा हलला नाही. खोलीच्या सावलीतला कुत्रा झोपूनच.

“आता सिनेमा,” ती म्हणाली. “पण सार, घोडा नाहीये.”

“मी आहे ना,” मी म्हणालो.

बांधावरून धाव घेतली आणि उडी मारली. पहिलं पाऊल घोट्यापर्यंत गेलं, दुसरं गुडघ्यापर्यंत. तिसरं टाकायला पाय वर आला, चप्पल आली नाही. मग मी पोटावर आडवा. सगळे बगळे एकदम उडाले, कुत्रा भुंकत आला, लावणीच्या बायकांनी काम थांबवलं. त्यातली एक ओरडली, “ए सेल्वी, सारला सांग, ती रोपं आत्ताच लावलीत!”

आजोबांनी दोर टाकला. दोन माणसांनी मला ओढून काढलं. किल्लेदाराची इडली सोडा, दुपारची झोपसुद्धा झाली असती.

मोपेडच्या डिकीतून मार्कलिस्ट काढली. जुना आकडा खोडला, शेजारी नवा लिहिला, खोडल्याच्या जागी सही केली. नियम तसा आहे. कागदावर माझा चिखलाचा अंगठाही उठला, पण त्याबद्दल नियम नाही. वर्गात मी आता एवढंच सांगतो : छाप्याचं वर्णन वाचताना आधी पाहावं, लिहिणाऱ्यानं नंतर पाय धुतले असतील का. कादंबरीवाल्यानं धुतले असणार. सिनेमावाल्यानं घोडे कोरड्या, टणक जमिनीवर पाणी सोडून पळवले असणार.

त्या दिवशी सेल्वी आकडा पाहून हसली आणि माझ्यासाठी पाण्याची बादली आणायला गेली. आजोबा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होते. ती परत आल्यावर त्यांनी तिला विचारलं, “हे तुम्हाला काय शिकवतात?”

“इतिहास, तात्ता.”

“बरं आहे,” म्हातारा म्हणाला. “होऊन गेलेलं तरी यांच्या हातून बिघडणार नाही.”