शाळेसाठी वर केलेला हात

आमच्या गावच्या शाळेचा स्लॅब पडला, त्या दिवशी सुट्टी होती म्हणून माझी मुलगी वाचली. पुढे ग्रामसभा भरली. आलेल्या निधीतून शाळेच्या खोल्या बांधायच्या की देवळापुढे सभामंडप, हे हात वर करून ठरवायचं होतं. ज्यांच्या शेतात मी निंदायला जायची, त्या मालकांना मंडप हवा होता. ते समोरच खुर्चीवर बसून कोण हात वर करतं ते पाहत होते.

ग्रामसेवक म्हणाले, "शाळेसाठी हात वर करा."

मी मालकांकडे पाहिलं. शेजारी बसलेली मोठी जाऊ कुजबुजली, "नोको करू वं. उद्या तुले काम कोन देईन?"

मी हात वर केला. मालकांची नजर माझ्यावरच थांबली. तरी मोजणी होईपर्यंत मी तो खाली घेतला नाही. मागच्या बायांनीही हात वर केले आणि थोडक्या मतांनी शाळा ठरली.

दुसऱ्या दिवशी मी भीतभीतच शेतावर गेले. मालक धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच उभे होते.

"आता काहून आली?" एवढंच ते म्हणाले.

मी तशीच परत फिरले. आता मी दुसऱ्यांच्या वावरात कामाला जाते, मुलगी नव्या खोलीत बसते. तरी मालकांची गाडी दिसली की माझ्या छातीत अजून धस्स होतं.