दोह्याचा पत्ता

उमरग्याच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान. गुलाबमामा त्याच कोर्टात एकतीस वर्षं बेलीफ होते. समन्स घेऊन दारोदार फिरायचं, ते काम. माणूस सापडेना की 'इसम पत्त्यावर मिळून आला नाही' असं लिहून मोकळं होणं सोपं. मामांना त्या वाक्याची लई चीड. माणूस उसाच्या फडात असो की सासुरवाडीला, मामा सायकल हाणत जायचे आणि सही घेऊनच यायचे. नसलाच तर पंचांसमोर दाराला कागद डकवायचे. स्वतः न बघता ते वाक्य त्यांनी एकदाही लिहिलं न्हाय.

आता त्यांचीच पोरगी, भाग्यश्री, घटस्फोटासाठी तीन वर्षं लटकलीय. नवरा प्रेमानंद येडशीचा, पण आखातात दोह्याला नोकरीला गेला तो तिकडंच रमला. फोन उचलत न्हाय, नांदवत न्हाय, सोडत बी न्हाय. लोहाऱ्याचे एक मास्तर तिच्याशी लग्नाला तयार हायत, पण त्यांनी तरी किती थांबावं? आणि प्रेमानंदला समन्स बजावल्याबिगर केस हलत न्हाय.

पहिल्या समन्सचा पत्ता मीच टाईप केला, मामांनी सांगितला तसा: कंपनीच्या खोल्या, मोठ्या मशिदीमागं, दोहा. उमरग्यात एवढ्यावर कुणीही माणूस दाखवला असता. चौदा महिन्यांनी कागद परत आला, पत्ता अपुरा म्हणून. माझ्या अकलेला काय म्हणावं! दुसऱ्या खेपेला पुरा पत्ता घातला, अरबी भाषांतर करून जोडलं. तो कागद दिल्लीच्या मंत्रालयापर्यंत गेला, पुढं कुठं हाय ते कुणाला सांगता येईना. मामा रोज दुकानात यायचे. बस म्हटलं तर बसायचे न्हायत, दारातच येरझाऱ्या घालायचे.

दिवाळीत कळलं, प्रेमानंद चार दिवसांसाठी येडशीला आलाय. कोर्टाला सुट्टी, नवीन समन्स काढणार कोण? तरी मामांनी जुन्या समन्सची झेरॉक्स खिशात घातली आणि माझ्या गाडीवर मागं बसले.

प्रेमानंद ओट्यावर बसून दाढी करत होता. मामांनी झेरॉक्स त्याच्यापुढं धरली. त्यानं ती सावकाश वाचली आणि नीट घडी घालून परत दिली.

"मामा, ह्यावर पत्ता दोह्याचा हाय. तिकडं येऊ द्या, घेतो की."

माझं टकुरंच फिरलं. तोंडाला येईल ते बोललो त्याला. मामांनी माझा दंड धरून मला बाहेर काढलं. निघताना त्यांनी त्या दाराकडं एकदा बघितलं. हात शिवशिवले असतील. पण रिटायर झालेल्या बेलीफानं डकवलेली झेरॉक्स म्हणजे रद्दीच.

घरी भाग्यश्री दारातच उभी होती.

"आबा, भेटला का?"

मामा चपला काढत राहिले. मग तिच्याकडं न बघता म्हणाले, "मिळून आला नाही."