तीर्थ हुंगणारे तात्या

तात्यांच्या हातात पेला दिला की तो आधी नाकाकडे जायचा, मग तोंडाकडे. चहा असो, पाणी असो, उसाचा रस असो. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढणाऱ्या पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याला ताक आंबल्याचा संशय आलाय. एकदा देवळात पुजाऱ्याने पळीभर तीर्थ तळहातावर घातलं, तेही त्यांनी हुंगलं. पुजाऱ्याला साहजिकच राग आला. म्हणाला, "तात्या, देवाचं तीर्थ आहे ते." तात्या म्हणाले, "देवावर माझा भरवसा हाय. माझ्यावर न्हाय." मग तीर्थ घेऊन, ओला हात डोक्यावरून फिरवून ते पुढच्याला वाट देत बाजूला झाले.

दारू सोडलेला एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का आणि तोंडात उपदेश. तात्या त्यांतले नव्हते. ते कुणाला उपदेश करत नसत. आपण चारजण प्यायला बसलो असलो आणि ते आले, तर "बसा निवांत" म्हणून निघून जायचे. त्यांची अडचण वेगळीच होती. आपली दारू सुटली असं ते कुणाला म्हणू देत नसत.

"काय तात्या, सुटली ना एकदाची?"

"सुटली न्हाय. दारुडाच हाय मी. आज प्यालेलो न्हाय, एवढंच."

एवढ्या सरळ प्रश्नाला असं उत्तर आलं की विचारणाऱ्याचा हिरमोड व्हायचा. माणसाला अभिनंदन करायची हौस असते आणि हा गृहस्थ हात पुढे करू द्यायचा नाही.

त्यांचं खरं नाव मी सांगत नाही. बारामतीला दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ज्या बैठकीला ते जायचे, तिथे आडनावं घेत नाहीत. तो नियम मीही पाळतो. माझं इंदापुरात बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि तात्यांची निरवांगीला भाजीच्या रोपांची नर्सरी होती. मिरची, टोमॅटो, कोबी. बियाणं न्यायला आले की दुकानातल्या खताच्या पोत्यावर बैठक मारायचे आणि तासभर हलायचे नाहीत.

पीत होते तेव्हाही मी त्यांना ओळखत होतो. तेव्हाची गंमत अशी, की त्या काळात ते दारूला शिवतही नव्हते. म्हणजे असं तेच सांगायचे. कालव्याच्या कडेला आडवे पडलेले असताना उचलायला गेलो तर म्हणायचे, "चक्कर आली. पित्त वाढलंय." निम्म्या तालुक्याने त्यांना पडलेलं पाहिलं आणि त्यांनी कुणापाशीही कबूल केलं नाही. सोडल्यावर मात्र एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचे. त्यांची मुलगी मनीषा एकदा वैतागून मला म्हणाली होती, "काका, सगळ्या जगाच्या उलटं असतंय आमच्या घरात."

या हट्टाला कारण होतं. पहिल्यांदा सोडली तेव्हा गावाने त्यांचा सत्कार केला. आपल्याकडे कशाचाही सत्कार होतो. पोरगा पोलीस भरतीत निघाला, गाईने दुधाचा विक्रम केला, माणसाने दारू सोडली. स्टँडवर फ्लेक्स लागला. वर पुढाऱ्यांचे फोटो, खाली शुभेच्छुकांचे फोटो आणि मध्ये फेटा बांधलेले तात्या. 'दारूवर विजय मिळवणारे आमचे प्रेरणास्थान.' शाल, श्रीफळ, भाषणं झाली. हार इतके पडले की तात्यांचे नुसते डोळे दिसत होते. फ्लेक्स अजून उतरला नव्हता, तेवढ्यात तात्या त्याच स्टँडवर, त्याच फ्लेक्सखाली पडलेले सापडले.

"लोकं म्हणली, जिंकलास," ते मला पुढे सांगायचे. "मला बी खरं वाटलं. म्हनलं, जिकलेल्या माणसाला एक प्याला काय करतोय? त्या एका प्याल्याची दोन सालं झाली. बायकोचे दागिने गेले, पोरीची शाळा गेली. ती वर्गात कमी आणि मला शोधत गुत्त्यावर जास्त."

दुसऱ्यांदा सोडली तेव्हा गाव पुन्हा शाल घेऊन निघालं. तात्यांनी घराचं दार लावून घेतलं.

त्यानंतर ते बारामतीच्या बैठकीला जायला लागले. एका प्राथमिक शाळेच्या वर्गात संध्याकाळी ती भरायची. मी एकदा त्यांना सोडायला गेलो होतो, तेव्हा खिडकीतून पाहिलं. तिसरीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले बाप्ये. कुणी बागायतदार, कुणी ड्रायव्हर, एक तर चांगला टायवाला. भिंतीवर पाढे. प्रत्येकाने उठून आपण कोण हे सांगायचं आणि बसायचं. मला हसू आलं. तात्या मात्र वर्गात जाताना सासरहून माहेरी आलेल्या बाईसारखे दिसत होते.

आता मुख्य गोष्ट. मनीषाचं स्थळ मी आणलं होतं. कोऱ्हाळे बुद्रुकचे पाहुणे, ऊसवाले, पाणी बारमाही. मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. बायोडेटावर नेहमीप्रमाणे शेवटची ओळ: मुलगा निर्व्यसनी. ही ओळ नसलेला बायोडेटा मी अजून पाहिलेला नाही. तिच्यावर विश्वास ठेवला तर जिल्ह्यातली सगळे बिअर बार कुणाचेच जावई नसलेल्या लोकांवर चालतात असं म्हणावं लागेल.

पाहुणे येण्याआधी मी तात्यांना बाजूला घेतलं. "तात्या, आज एवढं एक. कुणी विचारल्याशिवाय काही बोलू नका."

"न्हाय बोलत. पर ईचारलं तर खोटं बोलणार न्हाय. खोटं बोललो की मला प्यावी लागती."

"कोण विचारतंय?" मी म्हणालो.

पोहे झाले. मनीषा पाटावर बसली, दोन प्रश्न झाले. मुलगा सालस दिसत होता, मान खाली घालून बसला होता. मुलीला तो आवडला, हे ती चहाचा कप देताना माझ्या लक्षात आलं. सगळं जमत आलं आणि मुलाच्या चुलत्याला बोलायचा उत्साह आला. "आमच्यात सुपारीचं खांड बी कुणी खात न्हाय बघा. तुमच्याकडं बी तसंच आसंल?"

"तसंच, तसंच," मी घाईने म्हणालो.

तात्यांनी बशी खाली ठेवली. "पाव्हणं, मी दारुडा हाय. लय वर्सं झाली, प्यालेलो न्हाय. पर हाय."

एकेकाळी घ्यायचो, आता सोडली, असं म्हणाले असते तर पाहुण्यांनी त्यांची पाठ थोपटली असती. कदाचित शाल आणली असती. पण असं उत्तर कुणी ऐकलेलं नव्हतं. चुलत्याने घड्याळ पाहिलं. "कळवतो," म्हणाले. कळवतो म्हणजे काय ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

गाडी वळायच्या आत मनीषा बाहेर आली. ओरडली नाही. म्हणाली, "तात्या, तुमी पीत होता तवा माझी शाळा बुडाली. आता पीत न्हाय तर लगीन मोडलं. मग सोडली कशाला?"

 तात्या नर्सरीच्या जाळीखाली, शेडनेटमध्ये गेले आणि रोपांना पाणी देत बसले. त्या रोपांना सकाळीच पाणी दिलेलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कोऱ्हाळ्याहून त्या मुलाची आई माझ्या दुकानात आली. एकटी. सोयरिकीचं काढेल असं वाटलं. तिने दुकान रिकामं व्हायची वाट पाहिली आणि विचारलं, "ते तात्या दारूपायी बारामतीला जात्यात म्हनं, ते कुठं?" मी पत्ता सांगितला. कुणासाठी, हे विचारलं नाही. तिनेच पदराने तोंड पुसत सांगितलं, "पोरासाठी. त्या दिशी बी घेऊनच आला होता. मान वर करत नव्हता ते त्याच्यापायी."

तात्यांनी त्या मुलाला धरलं. अक्षरशः धरलं. कंपनी सुटायच्या वेळी गेटवर उभे राहायचे आणि त्याला घेऊन बैठकीला जायचे. सणासुदीला गावोगाव रोपं पोचवायला आपल्याबरोबर न्यायचे. मुलगा टिकला. महिने गेले, टिकलेला राहिला. मग त्याच आईने पुन्हा निरोप धाडला: आता आमची काही हरकत नाही, मुलगी द्या.

मी तात्यांना आनंदाने सांगायला गेलो. ते म्हणाले, "न्हाय."

"अहो, पोराने सोडलीय. तुमच्या हातांनी सोडवलीत."

"सोडवली न्हाय. तो दारुडा हाय, माझ्यासारखाच. मी त्याला मरूस्तवर बाजूला बसवून घेईन. पोरगी देणार न्हाय."

"तुम्ही नाही का न पिता राहिलात?"

"मी ऱ्हायलो त्याला काय काय लागलं ते मनीषाच्या आईला ईचारा."

 मला हा अन्याय वाटला, अजूनही वाटतो. मग म्हणालो, निदान मुलीला कारण तरी सांगा, ती समजेल. तर म्हणाले, "बैठकीतलं घरी न्यायचं न्हाय. कुणाचं नाव तितनं बाहेर काढायचं न्हाय." एकदा खरं बोलून लग्न मोडलं, दुसऱ्यांदा गप्प राहून. पाहुण्यांचा निरोप परतवला एवढंच मनीषाला कळलं आणि तिने त्यांच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. भाकरी वाढली की ताट सरकवायची आणि आत जायची. तात्या भाकरी खायचे. अशा वेळी त्यांना प्यावीशी वाटत असेल का, हे एकदा मी विचारलं. म्हणाले, "रोज वाटती. चांगलं झालं तरी वाटती, वाईट झालं तरी वाटती. काय झालं न्हाय तर लय वाटती."

तात्या गेले ते शेडनेटमध्येच. रोपांचा ट्रे उचलताना छातीत कळ आली आणि संपलं.

दहाव्याला नीरेच्या काठी मंडप घातला होता. आपल्याकडे मेलेल्या माणसाला भाषणांपासून सुटका नाही. एकामागून एक श्रद्धांजली झाली आणि एका पुढाऱ्याने माईक हातात घेऊन सांगितलं, की तात्यांचं सारं आयुष्य अत्यंत निर्व्यसनी होतं. दुसऱ्यांदा सोडल्यापासून हा शब्द त्यांनी अंगाला लावून घेतला नव्हता. आता खोडायला ते नव्हते.

तिकडे वाळूत पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. झाडावर चार-पाच बसलेले, खाली कुणी येईना. तात्यांच्या चुलतभावाने हात जोडून एकेक शब्द दिला. नर्सरी चालवू. पोरीचं लगीन लावून देऊ. वहिनीला सांभाळू. कावळे जागचे हलले नाहीत. शेवटी कुणीतरी म्हणालं, आवडीचं ठेवा. चुलतभाऊ तयारीनेच आला होता. त्याने पैरणीच्या खिशातून दारूची चपटी काढली, बूच उघडलं आणि पिंडाशेजारी ठेवली. लोकांनी माना डोलावल्या. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

गर्दीतून एक तरुण पुढे आला. कोऱ्हाळ्याचा तोच मुलगा. नाकावर रुमाल घट्ट धरलेला, चेहरा घामाने डबडबलेला. तो मनीषापाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "ताई, ती बाटली हितनं हलवा. मला जवळ जाता येत न्हाय. मी तात्यांच्याच बैठकीतला हाय."

मनीषा त्याच्याकडे बघतच राहिली. एकेकाळी पाटावर बसवून जिला पाहायला तो आला होता, तिला तो ताई म्हणत होता. मग तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हणून मान हलवली. ती उठली, चपटी उचलली आणि पाण्यात गुडघाभर आत जाऊन रिकामी केली. चुलतभाऊ "अगं, त्याची इच्छा..." म्हणेपर्यंत ती परत आली होती आणि मोठ्याने रडत होती. इतके दिवस ती रडली नव्हती.

कावळा शेवटपर्यंत शिवला नाही. उन्हं चढली, तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. परत येताना गावातले लोक आपापसांत म्हणत होते, तात्यांची इच्छा राहिली बरं का.  राहिलीच होती. आपली इच्छा गेलेली नाही, हे तो माणूस आम्हाला रोज सांगत होता.