खिळ्यावरच्या रिंगा

रिंगमावशीचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. नळाला पाणी पाचला यायचं आणि सव्वापाचला जायचं. तेवढ्यात दोन बादल्या भरायच्या आणि कपडे पिळून काढायचे. चहा उभ्यानेच. मग तिसऱ्या मजल्यावरून बासष्ट पायऱ्या उतरायच्या. साडेसहाला दुकानाचं शटर वर गेलेलं असायचं.

दुकान रबरी सामानाचं होतं. कुकरच्या रिंगा, नळाचे वायसर, फ्रिजच्या दाराचं रबर, काठीच्या टोकाला बसवायची टोपणं. सव्वीस वर्षं ती त्या एकाच काउंटरमागे उभी होती. मागच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक खिळ्यावर एक नमुना आणि खाली पत्र्याचा नंबर. गिऱ्हाईक कुकरचं झाकण काखेत मारून यायचं. मावशी झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवायची आणि मागे न बघता खिळ्यावरची रिंग काढून पुढे टाकायची.

"ताणून बघा. पटली तर त्याच मापाचं पाकीट देते."

लोक ताणून बघायचे. बघता बघता बोलायचे.

"झाकण आपटलंय कुणीतरी," मावशी म्हणायची. "सासूवर राग काढला की काय?"

"सासूच आपटते हो मावशी, माझ्यावर!"

असा दिवस जायचा. घरी बोलायला कुणी नव्हतं. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पण दुकानात तोंडाला विसावा नसायचा, त्यामुळे घरातली शांतता तिला कधी जड गेली नाही.

मग गिऱ्हाईक येईनासं झालं. कुणी रुसलं नव्हतं. मालकांनी दुकान ऑनलाइन चढवलं होतं, पण तिथेही ऑर्डर तुरळक. मालक चाळिशीचे. दुकान त्यांच्या वडिलांनी उभं केलं, त्यांना मावशी अजून थोरले मालक म्हणायची. आठवड्यातून दोनदा एक बाई संगणकाचं काम बघायला यायची. तिला दुकानात सगळे कॉम्प्युटरबाई म्हणत. एक दिवस तिने मावशीला समोर बसवून समजावलं.

"मावशी, आता माणसं स्वतः दुकानं चाळत नाहीत. फोनला सांगतात, माझ्या कुकरची रिंग मागव. मग त्यांचा एआय एजंट, म्हणजे एक प्रोग्राम, पन्नास दुकानांच्या याद्या वाचतो आणि जिथे माप जुळेल तिथे ऑर्डर टाकतो."

"मग आपल्याकडे का टाकत नाही?"

कॉम्प्युटरबाईने यादी दाखवली. मालकांनी हौसेने लिहिली होती. 'आपल्या स्वयंपाकघराची शान! मजबूत, टिकाऊ, भरवशाची रिंग.' अकराशे चाळीस वस्तू आणि सगळ्याच शान.

"त्याला शान कळत नाही," कॉम्प्युटरबाई म्हणाली. "आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, वजन, रबर कुठलं, उष्णता किती सोसतं, कुठल्या झाकणाला बसतं, शिल्लक किती. प्रत्येकाचा वेगळा रकाना. रकाना रिकामा दिसला की तो पुढच्या दुकानात जातो."

"माझ्यासारखाच आहे म्हणजे. कामाचं बोला म्हणणारा."

"तुमच्यासारखा नाही. तो सासूची चौकशी करत नाही."

काम मावशीकडे आलं. मालक म्हणाले, "हे जमलं तर दुकान चालेल. नाहीतर वर्षाअखेर शटर विकून मोकळा होतो."

मावशीने मनात महिने मोजले, ते दुकानासाठी नव्हे. तिची थोरली बहीण दुसऱ्या गावी दिराच्या घरी राहत होती, जिन्याखालच्या खोलीत. पाहुणे आले की तिची खाट दुमडून ठेवत आणि ती स्वयंपाकघरात निजायची. गुडघे गेलेले. मावशीकडे यायचं तर बासष्ट पायऱ्या. दुकानापासून दोन गल्ल्या सोडून एका शिंपिणीच्या घरामागे तळमजल्यावरची खोली रिकामी होणार होती. शिंपीण म्हणाली होती, "सहा महिने थांबते. आगाऊ भाडं आणलंस की किल्ली तुझी." सहा महिने पगार चालू राहिला तर ताई येणार. मध्येच थांबला तर ताई तिथेच जिन्याखाली.

दर रविवारी दोघी फोनवर बोलायच्या.

"पायऱ्या किती गं तुझ्याकडे?"

"बासष्ट."

"अजून कमी झाल्या नाहीत?"

"रोज दोनदा घासते, ताई. झिजतील."

काउंटर बंद झालं. मावशी मागच्या खोलीत बसू लागली. टेबलावर काच, काचेखाली आलेखाचा कागद, बाजूला जाडी-व्यास मोजायचा व्हर्नियर, वजनाचा छोटा काटा आणि संगणक. रबर मोजणं लोखंड मोजण्यासारखं नसतं. व्हर्नियरचा जबडा जरा जास्त दाबला की रबर दबतं आणि माप खोटं येतं. जबडा टेकला पाहिजे, रुतता कामा नये. तीन जागी मोजायचं, तिन्हींची सरासरी काढायची, मग टाइप करायचं. एका वस्तूला पंचवीस मिनिटं. दिवसाला अठ्ठावीस झाल्याशिवाय ती उठत नसे. पाकिटं कारखान्यातून बंद होऊन यायची आणि थोरल्या मालकांचा नियम होता, पाकीट फोडायचं नाही. म्हणून ती एकेक नमुना खिळ्यावरून काढायची, मोजायची आणि परत टांगायची.

सात आठवडे हेच. सकाळी साडेसहा ते संध्याकाळी सात, चार शब्द बोलायला माणूस नाही. कधी कधी ती रिंगेलाच म्हणायची, "सरळ बस गं बाई." मग स्वतःच्याच आवाजाने दचकायची.

यादी चढली. पहिल्या आठवड्यात ऑर्डर आल्या, दुसऱ्या आठवड्यात दुप्पट. एजंट मधूनमधून प्रश्नही विचारायचे. अमुक रिंग शिट्टीच्या कुकरला चालेल का? मावशी एका बोटाने उत्तर टाइप करायची. पलीकडून 'धन्यवाद, माहिती उपयुक्त होती' असं यायचं. प्रत्येक वेळी तेच, काना-मात्रेचा फरक नाही. दहाव्यांदा तेच आलं तेव्हा तिने वाचणं सोडून दिलं.

तिसऱ्या आठवड्यात परतीची पाकिटं येऊ लागली. आधी चार, मग अकरा, मग एकाच दिवशी सव्वीस. कारण एकच, माप जुळलं नाही. आणि मग ऑर्डर एकदम थांबल्या.

तक्रारीचा एक फोन नाही. पूर्वी चुकीची रिंग गेली की गिऱ्हाईक तणतणत यायचं, काउंटरवर हात आपटायचं, मावशी दुसरी द्यायची आणि वर दोन गोष्टी ऐकवायची. आता भांडायलासुद्धा कुणी आलं नाही.

"एजंट परत आलेल्या मालाची नोंद ठेवतात," कॉम्प्युटरबाई म्हणाली. "माप खोटं निघालं की दुकान वगळतात."

"माप खोटं कसं निघेल? मावशींनी मोजलंय!" मालकांचा आवाज चढला. "तुमच्याच प्रोग्रामने आकडे उलटसुलट केले असणार. उद्यापासून येऊ नका तुम्ही."

कॉम्प्युटरबाईचा चेहरा उतरला. तिला दोन लहान मुलं होती आणि असली तीनच कामं.

मावशी मागच्या खोलीत गेली. परत आलेलं एक पाकीट तिने फोडलं. आयुष्यात पहिल्यांदा. रिंग काचेवर ठेवली. आतला व्यास दोनशे पस्तीस मिलिमीटर. यादीत तिनेच लिहिलेला आकडा दोनशे अडतीस. तिने त्याच नंबरचा नमुना खिळ्यावरून काढून शेजारी ठेवला. दोनशे अडतीस. तीन जागी मोजला, तिन्हीकडे तेवढाच.

तिने भिंतीकडे पाहिलं. वर्षानुवर्षं खिळ्याला लटकलेल्या रिंगा. आणि सव्वीस वर्षं तीच लोकांना सांगत आली होती, ताणून बघा. काळं रबर सैल पडलं होतं. सिलिकॉनच्या पांढऱ्या रिंगा तशाच होत्या, वायसरही ठीक होते. पण काळ्या रबराच्या तीनशे बारा रिंगा, सगळ्या चुकल्या होत्या.

हे कुणाला कळलं नसतं. मालकांनी कॉम्प्युटरबाईवर खापर फोडलंच होतं. गप्प राहिलं तर निदान वर्षाअखेरपर्यंत पगार, आणि पगार म्हणजे शिंपिणीची किल्ली. सांगितलं तर कदाचित आजच घरी.

ती बाहेर आली. "मालक, चूक तिची नाही. माझी आहे."

तिने दोन्ही रिंगा काउंटरवर ठेवल्या. मालकांनी पाहिलं, कॉम्प्युटरबाईने पाहिलं.

"सव्वीस वर्षं तुम्ही रबर हाताळताय, मावशी!"

"हाताळलं. पूर्वी झाकण समोर असायचं, नमुन्यावरून अंदाज घेऊन पाकीट द्यायचे, बोटाला फरक कळायचा. यादीत बोट नसतं."

"आता?"

"पाकिटं फोडावी लागतील. एका मापाची तीन. तिन्ही मोजते. तिन्ही पुन्हा बंद करून देते, नीट. महिनाभर द्या."

"बाबा असते तर फोडू दिली नसती."

"थोरल्या मालकांनी मला आधी शिव्या घातल्या असत्या, मग कात्री दिली असती."

मालक हसले नाहीत. "महिना. एक दिवस जास्त नाही," म्हणाले. कॉम्प्युटरबाईकडे न बघता पुढे म्हणाले, "तुम्ही पण या."

मावशीने आधी भिंत रिकामी केली. पांढरे नमुने आणि वायसर खोक्यात ठेवले, काळे नमुने पोत्यात भरले, जुन्या रबराच्या गाडीवर दिले. उरले नुसते खिळे आणि पत्र्याचे नंबर. मग नऊशे छत्तीस पाकिटं. कात्रीने वरची कड बारीक कापायची, रिंग काढून पंधरा मिनिटं काचेवर मोकळी पडू द्यायची, कारण पाकिटात ती चेपलेली असते. मग मोजायचं. मग पाकीट परत बंद. पहिल्या दिवशी तीस पाकिटं वाकडी चिकटली, तिने ती पुन्हा फोडून पुन्हा चिकटवली. रविवारीही दुकान. फोन दुकानातूनच.

"आवाज का असा?" ताईने विचारलं.

"कुणाशी बोलले नाही सकाळपासून. गंजलाय."

"माझाही गंजलाय. इथे सगळे माझ्यावरून बोलतात, माझ्याशी नाही."

मावशीने हातातली रिंग काचेवर ठेवली.

अठ्ठाविसाव्या दिवशी यादी दुरुस्त झाली. कॉम्प्युटरबाईने एक रकाना वाढवला, मोजणीची तारीख आणि पद्धत. शेवटी टिपेचा रकाना होता. मावशीने त्यात लिहिलं, 'नवी रिंग बसवण्याआधी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा.' काउंटरवर ती हे रोज वीस वेळा सांगायची. आता एकदाच लिहिलं.

ऑर्डर लगेच आल्या नाहीत. एकदा वगळलेलं दुकान एजंट पुन्हा सावकाश तपासतात. पहिल्या आठवड्यात दोन, मग पाच. परत मात्र एकही पाकीट आलं नाही. दोन महिन्यांनी रोज चाळीस पाकिटं जाऊ लागली. मालकांनी शटर विकण्याची भाषा सोडली. मावशीला शाबासकी मिळाली नाही, तिनेही वाट पाहिली नाही. चूक तिची होती, दुरुस्तीही तिची.

दुकान चाललं, पण काउंटर उघडलं नाही. मागच्या खोलीत मावशी, समोर भिंत, भिंतीवर खिळे. दिवसभर ती पाकिटांवर पत्ते चिकटवायची. त्यातली काही घरं तिने कधीकाळी झाकणावरून ओळखली होती.

सहा महिने पुरे व्हायला चार दिवस असताना ती शिंपिणीकडे गेली. ताई त्याच आठवड्यात आली, एक पेटी आणि एक काठी घेऊन. दारात थांबून खाली बघितलं, आत आली, बसली.

"खाट खिडकीकडे सरकव गं. रस्ता दिसू दे."

मावशीने खाट सरकवली.

पगारातून झालं ते एवढं: तीन महिन्यांचं आगाऊ भाडं, दाराचा उंच उंबरा काढण्याची सुताराची मजुरी, आणि दुसरी खाट. पंखा पुढच्या पगारात.