मावशीची बसल्या जागची बावीस हजार पावलं

गेल्या थंडीत माझी मावशी एका दिवसात बावीस हजार चारशे पावलं चालली आणि त्या दिवशी तिने घराचा उंबरा एकदाही ओलांडला नव्हता. हे वाक्य मी तीनदा तपासलं आहे. आकडा बरोबर आहे, उंबरासुद्धा.

मावशी शिंपीण आहे. वय त्र्याहत्तर. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. तिथं अठ्ठेचाळीस वर्षांचं पायमशीन, एक लाकडी स्टूल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले खाकी कागदाचे कटिंग आणि जमिनीवर कायम चिंध्यांचा गालिचा. तिच्या डाव्या मनगटावर टाचण्यांची गोल गादी बांधलेली असते, ती फक्त अंघोळीला उतरते. लहानपणी तिने जवळ घेतलं की आधी टोचायचं आणि मग माया वाटायची.

ऋतू बदलला की मावशी बदलते. उन्हाळ्यात तिच्या पायाला भिंगरी असते. दुकानापर्यंत येऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची मापं घ्यायला ती पहाटे पाचलाच निघते, ऊन तापायच्या आत आठ घरं करून परत येते. पावसाळ्यात गल्लीच्या उतारावर शेवाळ धरतं, मग ती काठी घेते आणि परीक्षेला बसल्यासारखी एकेक पाऊल विचार करून टाकते. आणि थंडीत तिचं काम सुटतं. तिचंच नव्हे, सगळ्या गल्लीचं. समोरच्या भिंतीवर नऊ वाजता ऊन येतं, तिथं म्हातारी मंडळी ओळीने बसतात. ऊन वीतभर सरकलं की ओळही वीतभर सरकते. दिवसभरातला त्यांचा प्रवास तेवढाच.

त्याच्या आदल्या थंडीत मावशीने तेवढाही केला नव्हता. शिवायला काही आलं नाही, म्हणून अडीच महिने ती चुलीपाशी रजईत बसून राहिली. थंडी संपली तेव्हा तिच्या गुडघ्यांनी वेगळं बिऱ्हाड थाटलं होतं. स्टुलावरून उठवायला मी आणि ताई अशा दोघी लागायच्या. ताई म्हणजे तिची मुलगी, माझी मावसबहीण, शहरात मोठ्या ऑफिसात असते. आम्ही मावशीला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी एक खुर्ची पुढे केली आणि हात न टेकता पाच वेळा उठून बसायला सांगितलं. मावशी एकदा उठली, बसली आणि म्हणाली, बाकीच्या चार वेळा पुढच्या वर्षी करू.

डॉक्टर हसले, पण मग सरळ बोलले. इथली म्हातारी माणसं दर थंडीत एक पायरी खाली उतरतात आणि उन्हाळ्यात अर्धीच परत चढतात, असं म्हणाले.

ताईने त्या अर्ध्या पायरीचा कायदाच केला. मावशी तिला जमादार म्हणते ते उगाच नाही. मावशीच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा बांधायचा. रोज तीन हजार पावलं झाली पाहिजेत. सलग सात दिवस कमी भरली, की ताई गाडी घेऊन येणार आणि आईला चौथ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटवर नेणार. मशीन इथंच राहणार. मावशी त्या फ्लॅटवर एकदा चार दिवस राहून आली होती. तिथं खिडकीतून दुसरी खिडकी दिसते, एवढंच तिने त्याचं वर्णन केलं होतं.

पट्टा मी बसवला. आरोग्य केंद्रांतली यंत्रं दुरुस्त करायचं काम मी करते, त्यामुळे घरातलं वायरवालं आणि बिनवायरवालं सगळं माझ्याकडे येतं. आकडे ताईच्या आणि माझ्या फोनवर दिसायचे. उन्हाळ्यात रोजची पाच हजार दोनशे. पावसाळ्यात तीन हजार तीनशे, काठीसकट. थंडी पडली आणि आकडा दोन हजार चारशेवर आला, मग एकवीसशेवर. असे सहा दिवस गेले. सहाव्या दिवशी मी तिला फोन करून विनवलं, निदान गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ये. रजईतून उत्तर आलं, "पाय आहेत की जागेवर. पळून थोडेच जातायत?"

मी त्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या केंद्रात कामाला होते. सातव्या दिवशी सकाळी फोन उघडायचं धाडसच होईना. दुपारी उघडला तर नऊ हजार. दुसऱ्या दिवशी चौदा हजार. मग एकोणीस. मग ते बावीस हजार चारशे.

मी हिशेब केला, पंधरा किलोमीटर झाले. पट्ट्यात बिघाड असणार म्हणून त्याचं माहितीपुस्तक दोनदा वाचलं. बिघाड नव्हता. मावशीला फोन लावला तर मागे खडखड ऐकू आली, कामात आहे म्हणाली आणि ठेवून दिला. ताईचे मला दिवसाला चार फोन. पहिल्या फोनला ती खूश होती, दुसऱ्याला चकित, तिसऱ्याला तिला खात्री होती की पट्टा शेळीच्या गळ्यात आहे. चौथ्याला तिचा आवाज बदलला. आई कुठंतरी भरकटत असेल, तिला घराचा रस्ता आठवत नसेल, तर? मग मलाही हसू येईना.

रविवारी ताई गाडी घेऊन आली, वाटेत मला उचललं. डिकीत दोन रिकाम्या बॅगा होत्या. मी त्या पाहिल्या आणि तिने मला पाहताना पाहिलं.

मावशी भरकटलेली नव्हती. दार सताड उघडं, मशीन उन्हात उंबऱ्याला टेकेपर्यंत ओढलेलं, आणि मावशी त्यावर बसून एका अस्वलाच्या कानाला टीप मारत होती. खोलीभर अस्वलं, ससे, आणि कोपऱ्यात पानांचं एक उभं झाड. शाळेच्या बाई सातव्या दिवशी सकाळी आल्या होत्या. मुलांचं जंगलाचं नाटक, बेचाळीस पोशाख, दहा दिवसांत. मावशीचा पाय पायडलवर असा चालला होता, की मशीनच घर सोडून निघेल. आणि त्या पायात, लोकरी मोज्यावर, पट्टा.

"आई, तो पायात का?" ताईने विचारलं.

मग कुठं? डाव्या हातावर गादी. उजव्या हाताला स्वेटरची बाही घट्ट, त्यात पट्टा आणखी रुततो. शिवाय पावलं पायाने टाकतात, हाताने नाही, हे शहरात शिकवत नाहीत का?

ताईला सगळा उलगडा झाला आणि तिचा पारा चढला. ही शुद्ध लबाडी आहे, म्हणाली. बसून पाय हलवणं म्हणजे चालणं नव्हे. माझ्याकडे वळून विचारलं, यंत्राच्या दृष्टीने हे काय आहे? मी सांगितलं, यंत्राला झटका कळतो, स्टूल कळत नाही. ही माहिती दोघींपैकी कुणालाच आवडली नाही.

मावशीने पायडल थांबवलं.

"अठ्ठेचाळीस वर्षं हा पाय चालतोय," ती म्हणाली. "कुणी मोजला नाही. पहिल्यांदा मोजलात, तर चोरी ठरली."

ताई काहीतरी बोलणार, एवढ्यात मशीनवरचं अस्वलाचं डोकं घसरलं, उंबऱ्यावरून उडी मारून उताराला लागलं आणि थेट गटाराच्या दिशेने निघालं. मावशी उठली. नुसती उठली. हात टेकला नाही, कण्हली नाही, स्टूल मागे सरकवून उंबरा ओलांडून चार ढांगांत तिने ते डोकं कानाला धरून पकडलं. परत येऊन बसली, फुंकर मारून धूळ झाडली आणि सुईत दोरा आहे ना ते बघितलं.



"परत कर," ताई म्हणाली.

"काय?"

"उठ परत. हात न लावता."

मावशीला तोवर डॉक्टरांची खुर्ची आठवली होती. ती अस्वल छातीशी धरून पाच वेळा उठली, पाच वेळा बसली. सहाव्यांदा जमादाराला खिजवायला उठली. मागच्या वर्षीची बाकी असलेली चार आज दिली, म्हणाली.

ताई तरीही हरायला तयार नव्हती. पायडल मारणं हा काही व्यायाम नाही, हे सिद्ध करायला ती स्वतः स्टुलावर बसली, पट्टा आपल्या पायात बांधला आणि सुरू झाली. सातव्या मिनिटाला तिने पोटरी धरली. मी सहज विचारलं, ताई, तुझी स्वतःची पावलं रोज किती होतात? तिचाही फोन मोजतो, मला माहीत होतं. ती पोटरीच चोळत राहिली, तेव्हा मी तिचा फोन उचलून मोठ्याने वाचलं. अठराशे. आदल्या दिवशी सोळाशे. आठवडाभर कुठंही दोन हजार नाहीत.

मावशीने फार प्रेमाने विचारलं, "मग तुला न्यायला मी गाडी घेऊन येऊ का गं?"

ताई स्टुलावर पुढे वाकून इतकी हसली, की समोरच्या भिंतीपाशी बसलेली ओळ काय झालं ते बघायला उन्हातून उठून आली. त्या थंडीतला त्यांचा तो सगळ्यात लांबचा प्रवास असावा.

ठरलं ते असं, की मावशी इथंच राहणार. थंडीत शिवायला काम नसेल तर ताई शहरातून पाठवणार, आणि रोज एकदा तरी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं, ते मात्र उभ्याने. मावशीने कबूल केलं आणि लगेच गाडी मागितली, कारण तयार पोशाख शाळेत पोचवायचे होते. मागच्या सीटवर अस्वलं बसली, डिकीत बॅगांवर ससे. झाड कुठंच मावेना. शेवटी मावशीने ते स्वतःच्या अंगात चढवलं, फांदीतून तोंड बाहेर काढलं आणि उतार उतरून चालू लागली. गाडी तिच्या मागे, कारण गल्ली अरुंद आणि झाडाला ओलांडायला जागा नव्हती.

मी झाडाच्या शेजारून चालले. शाळेच्या फाटकापर्यंत मनातल्या मनात मोजलं, एकोणीसशे बारा पावलं. त्यातलं एकही कुठं नोंदलं गेलं नाही. पट्टा ताईच्या पायात होता आणि ती ब्रेक दाबत, क्लच सोडत मागून येत होती.